उपस्थात्याविना स्त्रीरुग्ण : एकल माता आणि कटिशूल

काही वर्षांपूर्वी कळंब तालुक्यातील एका खेड्यातून एक स्त्री चिकित्सालयात आली. वय पस्तिशीच्या आत. कमरेतून निघणारी कळ डाव्या नितंबावरून मांडीच्या मागील बाजूने पोटरीपर्यंत उतरत होती. खोकताना व खाली वाकताना कळ वाढे. पती हयात नव्हते. घरी तीन मुले, धाकटे अद्याप अंगावर पिणारे. गृध्रसीचे निदान करण्यास फारसा वेळ लागला नाही. मी शास्त्राला धरून कागद लिहिला : पंधरा दिवस आंतररुग्ण म्हणून प्रवेश, स्नेहन, स्वेदन, बस्तिक्रम, त्यानंतर महिनाभर पूर्ण विश्रांती, ओझे उचलणे वर्ज्य. तिने कागदाकडे पाहिले आणि एवढेच विचारले, “अन् लेकरं कुठं ठिवू, साहेब?”

त्या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. ती कागद घेऊन गेली आणि परत आली नाही. सुमारे आठ महिन्यांनी आली, तेव्हा चेहरा गोल व सुजल्यासारखा झाला होता. बाजारात मिळणारी एक बिननावाची “पुडी” घेतल्याने दुखणे थांबते आणि कामावर जाता येते, असे तिने सांगितले. घरातील पाणी व स्वयंपाक थोरल्या मुलीकडे गेला होता आणि त्या मुलीची शाळा सुटली होती. माझ्या कागदावरील एकही शब्द शास्त्राविरुद्ध नव्हता. परंतु त्या कागदाचा त्या स्त्रीला काडीचाही उपयोग झाला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा कागद आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाचे चार, असे एकूण सोळा गुण. उपस्थात्याच्या ठिकाणी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता असावी, असे सांगितले आहे. विद्यार्थिदशेत हे आपण सर्वांनी पाठ केलेले असते. परंतु जी स्त्री घरातील इतर सर्वांची उपस्थाता आहे, तिची उपस्थाता कोण, हा प्रश्न आपण चिकित्सा लिहिताना विचारीत नाही. एकल मातेच्या बाबतीत चिकित्सेचा एक पाद मुळातच नसतो, आणि आपण मात्र चारही पाद जागेवर आहेत असे गृहीत धरून औषधयोजना करतो.

आपल्या जिल्ह्यातील वास्तव

हा प्रश्न सर्वत्र आहे, तथापि धाराशिव जिल्ह्यात त्याला विशेष धार आहे. दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याच्या उमरगा-लोहारा भागातील सास्तूरसारखी गावे एका रात्रीत उद्ध्वस्त केली. कित्येक स्त्रियांवर त्या दिवसापासून घर एकटीने चालविण्याची वेळ आली. पुढे अवर्षणाची वर्षे आली. एकट्या २०१५ साली मराठवाड्यात एक हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यानंतर २०२० व २०२१ मधील कोरोनाच्या साथीने आणखी काही घरांतील कर्ते पुरुष नेले. परित्यक्ता स्त्रियांची तर वेगळी मोजदाद कोणी फारशी ठेवीतही नाही. कारणे भिन्न असली, तरी चिकित्सालयाच्या बाकावर बसलेल्या या स्त्रियांचा दिवस सारखाच असतो : पहाटे पाणी, चूल, शेळ्या, दिवसभर खुरपणी अथवा सोयाबीनची काढणी, सायंकाळी पुन्हा पाणी व चूल, आणि रात्री कुशीत लहान मूल.

भूम, वाशी, परंडा, कळंब या तालुक्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्यांची स्थिती अधिक बिकट. तेथे पती-पत्नीच्या जोडीस “कोयता” म्हणतात. एकटी स्त्री “अर्धा कोयता” ठरते. उचल घेण्यासाठी तिला भाऊ, दीर अथवा वयात येऊ पाहणारा मुलगा जोडीला घ्यावा लागतो. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढविणे हे तिचे काम. एक दिवसाचा खाडा झाला, तर मजुरी बुडते आणि वर दंडही बसतो. अशा स्त्रीस “विश्रांती घ्या” असे सांगणे म्हणजे तिला पैसे खर्च करण्यास सांगणेच होय, आणि ते पैसे तिच्याजवळ नसतात.

शेजारच्या बीड जिल्ह्यातील अनुभव आपणास सावध करणारा आहे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. कंबरदुखी, ओटीपोटातील दुखणे, अंगावरून पांढरे जाणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेक स्त्रियांनी “पिशवी काढली की दुखणे जाईल आणि खाडा पडणार नाही” या आशेने हा मार्ग पत्करला. पिशवी गेली, कंबर दुखतच राहिली. कंबरदुखीचे निदान व उपचार वेळीच आणि परवडेल अशा रीतीने झाले नाहीत, तर रुग्णा कोठे जाऊन पोहोचते, याचे हे उदाहरण आहे.

हेतूंचा विचार आणि धोक्याची लक्षणे

चरकाचार्यांनी महारोगाध्यायात वाताच्या ८० नानात्मज विकारांत गृध्रसीची गणना केली आहे. चिकित्सास्थानाच्या २८ व्या अध्यायात सांगितलेले वातप्रकोपाचे हेतू वाचावेत आणि मग या स्त्रियांचा दिवस आठवावा : रूक्ष व अल्प आहार, लंघन, रात्रीचे जागरण, अतिश्रम, चिंता, शोक, वेगधारण. शिळी भाकरी, उपाशीपोटी चहा, आजारी मुलासाठी जागरण, सावकाराची चिंता, आणि आडोसा नसल्याने अंधार पडेपर्यंत अडवून धरलेला मूत्रवेग. एकही हेतू सुटत नाही. म्हणून केवळ “मणक्यात गॅप आहे” असे सांगून थांबणे हे निदान नव्हे. चाळिशी ओलांडलेल्या, कसलेही दुखणे नसलेल्या अनेकांच्या एम.आर.आय. चित्रांतही चकती फुगलेली दिसते. चित्रापेक्षा रुग्णेस तपासणे महत्त्वाचे.

तथापि प्रत्येक कटिशूल केवळ वाताचा मानून घरी पाठविणेही तितकेच घातक आहे. पुढील लक्षणे आढळल्यास विलंब न करता रुग्णेस मोठ्या रुग्णालयात पाठवावे : जननेंद्रिय व गुदाभोवतीच्या भागास बधिरता, मूत्र अडणे किंवा मलमूत्रावरील ताबा सुटणे, पाऊल लुळे पडणे अथवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे. येथे काही तासांचाही उशीर कायमचे अपंगत्व देऊ शकतो. ज्वर, वजन घटणे, रात्री झोपेतून उठविणारी वेदना आढळल्यास मणक्याच्या क्षयाचा आणि अर्बुदाचा विचार व्हावा. पडल्यानंतर सुरू झालेली वेदना, तसेच दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या स्त्रीस अचानक उद्भवलेली वेदना अस्थिभंगाची असू शकते.

आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. उस्मानाबादी शेळी ही अनेक एकल स्त्रियांची खरी मिळकत. शेळ्यांच्या विताना, गर्भपाताच्या वेळी किंवा कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिसचा संसर्ग होऊ शकतो. त्यात येणारा-जाणारा ताप, घाम, थकवा आणि कंबरेचे हट्टी दुखणे आढळते. शेळ्या पाळणारी स्त्री कंबरदुखीबरोबर तापाची तक्रार सांगत असेल, तर रक्ततपासणीसाठी धाडण्यास संकोच करू नये.

शास्त्राने या रुग्णेचा विचार केला आहे

विश्रांती न मिळणारा रुग्ण आपल्या आचार्यांना अपरिचित नव्हता. सिद्धिस्थानाच्या चौथ्या अध्यायात मात्राबस्तीचे अधिकारी सांगताना काम, व्यायाम, भारवहन आणि प्रवास यांनी कृश झालेले, दुर्बल व वातपीडित यांचा स्पष्ट उल्लेख येतो. पुढेच असेही सांगितले आहे की, या बस्तीसाठी आहार व हालचाल यांवर विशेष बंधन नाही, आणि तो सर्व काळी निर्धोकपणे देता येतो. डोक्यावर मोळी वाहणाऱ्या स्त्रीचे याहून नेमके वर्णन कोणते असणार?

प्रस्तुत लेखकाने त्या स्त्रीस दुसऱ्या खेपेस हाच मार्ग सुचविला. मुले शाळेत व अंगणवाडीत असण्याच्या वेळी, भाकरी खाऊन तिने यावे. कटिप्रदेशी अभ्यंग व नाडीस्वेद, त्यानंतर सुमारे ६० मि.लि. सिद्ध तैलाचा मात्राबस्ति, थोडा वेळ पडून राहणे आणि घरी जाणे. एकूण वेळ तासाभराचा. नऊ दिवसांपैकी ती सात दिवस आली. बरोबर रास्नासप्तक क्वाथ व त्रयोदशांग गुग्गुळ दिला. पुडी मात्र एकाएकी बंद केली नाही. तिच्यात स्टेरॉइड असल्याचा संशय होता. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबविल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून तिला प्रथम वैद्यकशास्त्राच्या तज्ज्ञाकडे धाडले आणि त्यांच्या देखरेखीखाली ते हळूहळू कमी केले. तीन महिन्यांत पोटरीची कळ गेली. कंबर अद्याप अधूनमधून दुखते, असे ती सांगते. पण कशाने दुखते आणि दुखल्यावर काय करावे, हे आता तिला ठाऊक आहे.

हा एका रुग्णेचा अनुभव आहे. त्यावरून सिद्धान्त मांडण्याचा हेतू नाही. पायात उतरणारी कळ पुष्कळ रुग्णांत दोन-तीन महिन्यांत आपोआपही कमी होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तरीही या काळात रुग्णेस आधार देणे आणि तिला घातक औषधांपासून दूर ठेवणे हे काम लहान नाही.

आधुनिक संशोधनही याच दिशेने आले आहे. २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि अपंगत्वाच्या कारणांत तिचा क्रमांक पहिला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जीर्ण कंबरदुखीसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णशिक्षण, व्यायाम आणि मर्दनासारखे उपचार यांना स्थान दिले आहे. कंबरपट्टा, ट्रॅक्शन व अफूजन्य वेदनाशामके नेहमीच्या वापरात नसावीत असे म्हटले आहे. दीर्घकाळ अंथरुणात पडून राहणे हितावह नाही, हे तर आता सर्वमान्य आहे. म्हणजे ज्या विश्रांतीचा आपण आग्रह धरीत होतो, ती या रुग्णेस परवडणारी नव्हती, आणि तशी आवश्यकही नव्हती. भार कमी करावा, हालचाल थांबवू नये, हे सूत्र होय.

दिवसात बसणारे उपाय

उपाय सांगताना रुग्णेचा दिवस विचारून घ्यावा. पाणी किती लांबून आणता, मूल किती वर्षांचे, चूल जमिनीवर की ओट्यावर, हे प्रश्न नाडीपरीक्षेइतकेच आवश्यक आहेत. अनुभवास आलेले काही उपाय येथे देतो.

एक भरलेली घागर कमरेवर घेण्याऐवजी दोन अर्ध्या कळशा दोन हातांत घ्याव्यात. फेऱ्या वाढतात, पण भार दोन्ही बाजूंस समान राहतो. चालू शकणाऱ्या मुलास जमिनीवरून उचलू नये; त्याला आधी बाजेवर चढू द्यावे आणि मग छातीशी धरून घ्यावे. कडेवर एकाच बाजूस मूल घेण्याची सवय मोडावी. चूल शक्य तर मातीच्या ओट्यावर घ्यावी. खुरपणी कंबरेत वाकून करू नये. बसून करावी आणि अधूनमधून उठून चार पावले चालावे. गटाने मिळून सायकल कोळपे घेतल्यास वाकण्याचे बरेच काम वाचते. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे व हाताच्या आधाराने उठावे. रात्री मुलास पाजताना बसून वाकण्यापेक्षा कुशीवर पडून पाजावे, पाठीशी गोधडीची वळकटी ठेवावी आणि झोप लागण्यापूर्वी मुलाचे नाक मोकळे असल्याची खात्री करावी.

व्यायाम दोन-तीनच सांगावेत. जास्त सांगितले की एकही होत नाही. वेदना उतरणीस लागल्यावर मार्जारासन, सोसेल तेवढे भुजंगासन आणि दररोज सपाट वाटेने चालणे पुरेसे. पायात कळ उतरत असताना पुढे वाकण्याचे व्यायाम देऊ नयेत. मुलाला पाठीवर उभे करून तुडवून घेण्याची पद्धत घरोघरी आहे; मणका कमकुवत असलेल्या स्त्रीस त्याने इजा होऊ शकते, हे सांगितले पाहिजे.

आहारात दूध-तूप लिहिणे सोपे. ते विकत घेणे तिला सोपे नसते. ज्वारीच्या भाकरीबरोबर तिळाची, जवसाची अथवा कारळाची चटणी, शेवग्याची भाजी, गरम वरण, वेळेवर जेवण, एवढे तरी साधावे. बांधावरची निर्गुंडी, एरंड, अंगणातला पारिजातक ही फुकट मिळणारी औषधी आहे. निर्गुंडीच्या पाल्याचा शेक आणि पारिजातकाच्या पानांचा काढा यांसाठी पैसा लागत नाही; मात्र वनस्पतीची ओळख आपण स्वतः पटवून द्यावी.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती

या रुग्णा बहुधा आधी दुकानात येतात, नंतर वैद्याकडे. “कंबरेवर काहीतरी द्या” असे म्हणणाऱ्या स्त्रीस औषध देण्यापूर्वी ती गरोदर आहे काय, अंगावर पाजते काय, वेदनाशामक गोळ्या किती दिवसांपासून घेते, हे तीन प्रश्न विचारावेत. वत्सनाभयुक्त कल्प तसेच भस्मे असलेले रसकल्प वैद्याच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. गुग्गुळकल्प व एरंडस्नेह गर्भिणीस टाळावेत. उन्हाळ्यात पाणी कमी पिऊन राबणाऱ्या स्त्रीच्या वृक्कांस वेदनाशामक गोळ्या इजा करू शकतात, हेही तिला सांगावे. नाव, घटक व उत्पादकाचा परवाना नसलेली कोणतीही पुडी दुकानात ठेवू नये. “तासाभरात आराम” देणाऱ्या चूर्णात स्टेरॉइड अथवा वेदनाशामक मिसळलेले असण्याची शक्यता मोठी असते. अशा एका पुडीने सबंध आयुर्वेदाचे नाव खराब होते.

आणखी एक सूचना विशेष महत्त्वाची. ज्या घरात आई एकटी आहे, तेथे तिच्या पाठीला तेल चोळणारे हात मुलांचे असतात, आणि बाटली जमिनीवर त्यांच्यापाशीच असते. गंधपुरा तेल अत्यंत विषारी आहे. त्याच्या केवळ एका चहाच्या चमच्यात वीसहून अधिक ॲस्पिरिन गोळ्यांइतके सॅलिसिलेट असते. लहान मुलाचा जीव जाण्यास तेवढे पुरे. कापूरयुक्त तेलांचेही तसेच. बाटली देताना “मुलांच्या हाती लागू देऊ नका, उंच फळीवर ठेवा” हे शब्द प्रत्येक वेळी उच्चारले गेले पाहिजेत. लहान मुले असलेल्या घरी साधे तीळतेल किंवा निर्गुंडी तेल देणे अधिक श्रेयस्कर.

उपस्थाता कोठून आणावा?

उपस्थाता नेहमी घरातलाच असावा, असे शास्त्रात कोठेही म्हटलेले नाही. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी व डॉ. क्रांती रायमाने यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या माध्यमातून गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन “भारतवैद्य” म्हणून उभे केले. उपचार जाणणारी, दक्ष, आपल्या गावावर माया असणारी आणि स्वच्छतेचे भान असणारी स्त्री, म्हणजे उपस्थात्याचे चारही गुण, गावातच सापडू शकतात, हे त्या कार्याने दाखवून दिले. आज गावोगाव आशा कार्यकर्त्या व बचत गट आहेत. रुग्णेच्या संमतीने गटातील एखाद्या शेजारणीस बोलावून अभ्यंग, शेक व भार उचलण्याची रीत तिला शिकवावी. त्या नऊ दिवसांत तिने दोन घागरी आणून दिल्या, तरी बस्तीचे फळ वाढते.

ज्या योजना तिच्या हक्काच्या आहेत, त्यांची माहिती देणे हेही चिकित्सेचे अंग समजावे. संजय गांधी निराधार अनुदान योजना, तसेच एकल पालकांच्या मुलांसाठी असलेली बालसंगोपन योजना, ज्यात प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, यांची नावे अनेक स्त्रियांनी ऐकलेलीही नसतात. अंगणवाडीत मूल गेले तर दिवसातले काही तास हात मोकळे होतात. ऊसतोडीस जाणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालते काय, याची चौकशी मुख्याध्यापकांकडे करता येते. चिठ्ठीच्या मागील बाजूस हे चार शब्द लिहिण्यास दोन मिनिटे लागतात.

आईची कंबर धरली की घराचा भार सर्वप्रथम थोरल्या मुलीवर येतो. तिची शाळा सुटते आणि मग तिच्या लग्नाची घाई सुरू होते. म्हणून या रुग्णेस विचारावयाच्या प्रश्नांत “मुलगी शाळेत जाते ना?” हा प्रश्नही असावा. त्याचे उत्तर कटिशूलाची तीव्रता कोणत्याही मोजपट्टीहून अधिक नेमकेपणाने सांगते.

वैद्याने सांगितलेले पाळणे हा रुग्णाचा गुण म्हणून शास्त्राने सांगितला आहे, आणि तो आढळला नाही की आपण रुग्णेस दोष देतो. पण पाळता येईल असेच सांगणे, हे वैद्याचे कर्तव्य त्याच्या आधी येते. पुढच्या वेळी अशी स्त्री समोर बसली, तर लेखणी उचलण्यापूर्वी तिला एकदा विचारावे : “घरी लेकरं कोणापाशी आहेत?” चिकित्सेचा आरंभ तेथून व्हावा, एवढीच नम्र विनंती.